‘नंतर बघू’ म्हणणाऱ्या लोकशाहीचे काय होते?

रमजानचा शेवटचा शुक्रवार म्हणजे अलविदा जुमा. एरवी दुकान, नोकरी, घरकाम यांत अडकलेला माणूसही त्या दिवशी मशिदीची पायरी चढतोच. गेल्या वर्षी, २८ मार्च २०२५ रोजी, म्यानमारमधल्या मंडाले आणि सागाइंग भागातल्या मशिदी अशाच भरलेल्या होत्या. दुपारी पाऊणच्या सुमारास ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. साडेतीन हजारांहून अधिक माणसे गेली. परीक्षेला बसलेले भिक्खू विहाराखाली गाडले गेले आणि जुम्याच्या नमाजाला जमलेले शेकडो रोजेदार मशिदींच्या भिंतींखाली.

भूकंप धर्म विचारून येत नाही. पण त्या मशिदी इतक्या खिळखिळ्या का होत्या, याला कारण आहे. लष्करी राजवटीच्या काळापासून म्यानमारमध्ये नवी मशीद बांधायला परवानगी मिळणे जवळजवळ अशक्य झाले. जुन्या मशिदीची डागडुजी करायची तरी सरकारी कचेऱ्यांच्या खेपा घालाव्या लागत, आणि अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत. धरणी काही क्षण हलली, पण छपरे कमकुवत करण्याचे काम दशकानुदशके कागदावर चालू होते.

त्याच देशात डिसेंबर २०२५च्या अखेरीपासून जानेवारी २०२६पर्यंत तीन टप्प्यांत मतदान घेतले गेले. लष्कर जगाला सांगते आहे की देश पुन्हा लोकशाहीच्या मार्गावर आला. मागच्या निवडणुकीत जिंकलेला पक्ष २०२३ मध्येच बरखास्त केलेला, त्याच्या नेत्या आंग सान सू की कैदेत, देशाच्या मोठ्या भागात युद्ध चालू असल्याने तिथे मतदानच नाही, आणि रोहिंग्या मुसलमानांना तर मताचा अधिकारच नाही. या कवायतीला निवडणूक म्हणायचे की नाही, हा वाद पंडितांनी घालावा. मला या देशाची गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगायची आहे. एक देश लष्कराच्या हातून सुटत होता, लोकशाहीकडे निघाला होता, आणि वाटेत एका समाजाबद्दल ‘यांचे नंतर बघू’ असे म्हणाला. त्या एका शब्दाने पुढे सगळ्यांचेच काय केले, हे रमजानच्या महिन्यात शांतपणे समजून घेण्यासारखे आहे.

अराकान आपल्याला परके नाही

म्यानमार म्हणजे आपला जुना ब्रह्मदेश. १९३७पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते आणि ‘गीतारहस्य’ तिथेच लिहिले गेले. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत तीस वर्षे नजरकैदेत राहून १९१६ मध्ये वारला. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर १८६२ मध्ये रंगूनमध्ये मातीआड झाला. इंग्रजांनी दोन देशांच्या राजांची कशी अदलाबदल केली, हे उर्दूच्या वर्गात आणि मराठीच्या वर्गातही सांगितले जाते.

नागपूरचे नाते तर याहून जवळचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील देणारे महास्थवीर चंद्रमणी कुशीनगरला राहत असले तरी जन्माने अराकानचे होते. अराकान म्हणजे आजचे राखाइन राज्य. रोहिंग्यांची गावे जिथे जळाली तेच अराकान. बाबासाहेब स्वतः १९५४च्या डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. म्हणजे ज्या मातीतून नागपूरला समतेची दीक्षा देणारा भिक्खू आला, त्याच मातीत साठ वर्षांनी लाखो माणसांना ‘तुम्ही इथले नाहीत’ असे सांगण्यात आले. नागपूरकराने, मग तो बौद्ध असो, मुसलमान असो की हिंदू, या गोष्टीकडे परदेशातली बातमी म्हणून पाहू नये.

आणि ही माणसे काल-परवा आलेली नव्हती. सतराव्या शतकात अराकान हे स्वतंत्र राज्य होते. तिथल्या बौद्ध राजांच्या दरबारात मुसलमान अमीर होते, आलाओलसारखा कवी त्या दरबाराच्या आश्रयाने बंगालीत लिहीत होता. औरंगजेबाशी तख्ताची लढाई हरलेला त्याचा भाऊ शाह शुजा १६६० मध्ये जीव वाचवायला अराकानलाच गेला. पुढे इंग्रजी अमलात शेतीच्या कामासाठी चितगावकडून आणखी मजूर आले, हेही खरे. जुने आणि नवे एकमेकांत मिसळले, जसे ते जगातल्या प्रत्येक सरहद्दीवर मिसळतात.

सुरुवात वेगळी होती

ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला. त्याआधी १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग गावी जनरल आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन या डोंगरी समाजांच्या पुढाऱ्यांशी करार केला. बहुसंख्य बर्मी समाजाने इतरांना अंतर्गत कारभारात स्वायत्तता द्यायची आणि मग सर्वांनी मिळून एक देश करायचा, असा त्याचा आशय. करार अपुरा होता. कारेन निरीक्षकासारखे बसले होते आणि अराकान त्यात नव्हते. तरीही पाया बरोबरीचा होता.

पाच महिन्यांनी, १९ जुलै १९४७ रोजी, आंग सान यांची मंत्रिमंडळाच्या बैठकीतच हत्या झाली. त्यांच्याबरोबर मारल्या गेलेल्यांत ऊ रझाक हे शिक्षणमंत्री होते. वडील तमिळ मुसलमान, आई बर्मी बौद्ध. मंडालेच्या राष्ट्रीय शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि मुसलमान असून पालीचे जाणकार होते. म्यानमारमध्ये दरवर्षी १९ जुलैला हुतात्मा दिन पाळला जातो, त्यात एका मुसलमान शिक्षकाचेही नाव असते. हा देश कोणाचा, याचे उत्तर त्या यादीतच होते.

सुरुवातीच्या लोकशाही सरकारांच्या काळात रोहिंग्यांना मत होते, संसदेत प्रतिनिधी होते, रेडिओवर त्यांच्या भाषेतला कार्यक्रम होता. उत्तर अराकानमध्ये मुजाहिदांचे बंडही त्याच काळात झाले आणि ते मोडले गेले, हे लपवायचे कारण नाही. पण बंडखोर वेगळा आणि समाज वेगळा, इतका विवेक तेव्हा शिल्लक होता.

२ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि तो विवेक संपत गेला. १९७८ मध्ये कागदपत्रे तपासण्याच्या नावाखाली मोहीम निघाली आणि सुमारे दोन लाख रोहिंग्या बांगलादेशात पळाले. मग आला १९८२चा नागरिकत्व कायदा. १८२३ पूर्वीपासून, म्हणजे पहिल्या इंग्रज-बर्मी युद्धाच्या आधीपासून, या भूमीवर असलेले समाज तेवढे मूळचे. सरकारी यादीत असे १३५ वंश आहेत, रोहिंग्या त्यांत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीचा पुरावा शेतमजुराने आणायचा कुठून? ज्याच्याकडे कागद होता त्याचा कागद तपासणीला म्हणून घेतला गेला आणि परत मिळाला नाही. बदल्यात तात्पुरते पांढरे कार्ड मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या एका गावात राहिलेला माणूस कायद्याने पाहुणा झाला.

अर्धे उघडलेले दार

लष्कराने नवी राज्यघटना २००८ मध्ये आणली. नर्गिस चक्रीवादळात हजारो माणसे बुडाली होती, त्यानंतर अवघ्या आठवडाभरात तिच्यावर सार्वमत सुरू झाले. संसदेतल्या एक चतुर्थांश जागा लष्कराच्या आणि घटनादुरुस्तीला पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक मते हवीत, असे गणित तिच्यात बसवले होते. म्हणजे लष्कराला नको असलेली दुरुस्ती होणारच नाही. संरक्षण, गृह आणि सीमा ही तिन्ही खाती सरसेनापतीच्या हातात.

तरीही दार किलकिले झाले होते. २०११ पासून राजकीय कैदी सुटू लागले, वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप उठली, २०१२च्या पोटनिवडणुकीत सू की संसदेत गेल्या. जगाने टाळ्या वाजवल्या. नेमके त्याच वर्षी राखाइनमध्ये बौद्ध आणि मुसलमान यांच्यात हिंसाचार झाला आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसे, बहुतेक रोहिंग्या, छावण्यांत गेली. तिथून पुढे मंडालेचे भिक्खू विराथू यांची भाषणे गावोगाव पोहोचली. नव्याने हातात आलेल्या मोबाइलवर फेसबुक म्हणजेच इंटरनेट होते आणि अफवा म्हणजेच बातमी. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने पुढे स्पष्ट सांगितले की द्वेष पसरवण्यात फेसबुकचा वाटा मोठा होता.

मतांची भूक लागलेल्या लोकशाहीने या द्वेषाला तोंड द्यायचे की वळसा घालायचा? तिने वळसा घातला. २०१५ मध्ये पांढरी कार्डे रद्द झाली. ज्या रोहिंग्यांनी लष्कराच्या छायेत झालेल्या २०१०च्या निवडणुकीतही मत दिले होते, त्यांना मोकळ्या निवडणुकीत मत उरले नाही. सू की यांच्या पक्षाने त्या वेळी एकही मुसलमान उमेदवार दिला नाही. पक्ष प्रचंड बहुमताने जिंकला आणि निवडून आलेल्या सभागृहात एकही मुसलमान सदस्य नव्हता. रोहिंग्याच नव्हे, ऊ रझाक ज्या समाजातून आले त्या मंडालेच्या मुसलमानांचाही कोणी नव्हता.

हा पक्ष मुसलमानांचा शत्रू नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. त्याचा सर्वांत हुशार घटनातज्ज्ञ ऊ को नी मुसलमान होता. घटनेने सू की यांना राष्ट्राध्यक्ष होण्यापासून रोखले तेव्हा ‘राज्य समुपदेशक’ हे पद निर्माण करण्याची वाट त्यानेच दाखवली. २००८ची घटना कशी बदलता येईल, यावर तो काम करत होता. २९ जानेवारी २०१७ रोजी यांगोन विमानतळाबाहेर, नातवाला कडेवर घेतलेले असताना, त्याला गोळी घालण्यात आली. मारेकऱ्यामागे धावलेला टॅक्सीवालाही मारला गेला. लोकशाहीचा प्रश्न आणि मुसलमानांचा प्रश्न वेगळा नाही, हे मारेकऱ्यांना कळले होते. पक्षाला ते अजून कळायचे होते.

हेग आणि त्यानंतर

२५ ऑगस्ट २०१७ रोजी ‘आर्सा’ या रोहिंग्या सशस्त्र गटाने पोलिस चौक्यांवर हल्ले केले. त्याच दिवसांत या गटाने हिंदू गावकऱ्यांची केलेली कत्तल अॅम्नेस्टीने नंतर नोंदवली. आपल्या बाजूच्या मृतांची मोजदाद करताना हे मृतही मोजले पाहिजेत. पण लष्कराचे उत्तर एका गटाला नव्हते, एका समाजाला होते. शेकडो गावे जाळली गेली, स्त्रियांवर बलात्कार झाले आणि काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे नाफ नदी ओलांडून बांगलादेशात गेली. वंशसंहाराच्या आरोपाखाली सेनापतींची चौकशी व्हावी, असे सत्यशोधन समितीने २०१८ मध्ये म्हटले. २०१९ मध्ये गांबिया या आफ्रिकेतल्या छोट्या देशाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला.

डिसेंबर २०१९ मध्ये त्या न्यायालयात म्यानमारची बाजू मांडायला सू की स्वतः उभ्या राहिल्या. ज्या लष्कराने त्यांना पंधरा वर्षे घरात डांबले, त्याच लष्कराचा बचाव. काही ठिकाणी बळाचा अतिरेक झाला असेल, वंशसंहाराचा हेतू नव्हता, असे त्यांचे म्हणणे. सशस्त्र गटाच्या नावात येतो तेवढा सोडला तर ‘रोहिंग्या’ हा शब्दही त्यांनी उच्चारला नाही.

त्यांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो पोकळ नाही. लष्कर त्यांच्या हातात नव्हते, गृहखाते नव्हते. रोहिंग्यांची बाजू घेतली असती तर बहुसंख्य मतदार दुरावला असता, लष्कराला निमित्त मिळाले असते आणि कष्टाने आलेली लोकशाही गेली असती. म्हणून आधी सत्ता पक्की करायची, घटना बदलायची, मग या प्रश्नाला हात घालायचा. राजकारणात क्रम ठरवावा लागतो, हे मलाही मान्य आहे.

पण हिशेब काय निघाला ते पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांचा पक्ष ४७६ पैकी ३९६ जागा जिंकला. १ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे लष्कराने त्यांना पुन्हा अटक केली. गप्प राहून लोकशाही वाचली नाही. उलट, चार वर्षे ज्या लष्कराला देशाचा रक्षक म्हणून डोक्यावर घेतले, ज्याने रोहिंग्यांच्या गावांत कोणतीही शिक्षा न होता माणसे मारण्याचा सराव केला, तेच लष्कर यांगोन आणि मंडालेच्या रस्त्यांवर बर्मी बौद्ध तरुणांवर गोळ्या झाडू लागले. राखाइनमध्ये दहशत घातलेल्या तुकड्या आता त्यांच्या शहरात होत्या. एका समाजावर अन्याय करायला बळ दिले की ते बळ त्या समाजापाशी थांबत नाही.

त्या फेब्रुवारीत एक गोष्ट घडली, ती आपल्या वर्तमानपत्रांत फार आली नाही. अनेक बर्मी तरुणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. आम्हाला सांगितलेले खरे मानले, असे त्यांनी लिहिले. लष्कराविरोधी राष्ट्रीय एकता सरकारने जून २०२१ मध्ये रोहिंग्यांचे नाव घेऊन १९८२चा कायदा रद्द करण्याचे वचन दिले. ‘नंतर’ आले खरे, पण वचन देणाऱ्यांच्या हातात तोवर देशच उरला नव्हता.

आजचे चित्र याहून विदारक आहे. २०२४ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली तेव्हा नागरिकत्व नाकारलेल्या रोहिंग्या पोरांनाच पकडून गणवेश चढवण्यात आला. दुसऱ्या बाजूने राखाइन बौद्धांची अराकान आर्मी. ती लष्कराशी लढते, पण ऑगस्ट २०२४ मध्ये नाफ नदीकाठी पळणाऱ्या रोहिंग्यांवर ड्रोन हल्ला झाला तेव्हा वाचलेल्यांनी तिच्याकडेच बोट दाखवले. सोसलेला समाज दुसऱ्याला सोसायला लावणार नाही, अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही.

दोष कोणाच्या धर्माचा?

अशा वेळी सोपे उत्तर तयार असते. आपल्या वस्त्यांत कोणी म्हणतो, बघा, अहिंसेचा धर्म कसा वागतो. या वाक्याला मी नेहमी हरकत घेतो. मार्च २०१३ मध्ये मेइक्तिला शहरात मुसलमानांची घरे जळत होती तेव्हा ऊ विथुद्धा या भिक्खूने शेकडो मुसलमानांना आपल्या विहारात आसरा दिला आणि दारात आलेल्या जमावाला आधी मला मारा असे बजावले. विराथू आणि विथुद्धा, दोघांचे चीवर एकच. फरक धर्मात नव्हता, भीतीला कोणी खतपाणी घातले आणि कोणी अडवले यात होता.

आणि आरसा आपल्याकडेही फिरवावा लागतो. उर्दू ही माझ्या घरची भाषा. याच भाषेची सक्ती पूर्व पाकिस्तानवर केली गेली आणि २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगाली विद्यार्थी मारले गेले, तेही मुसलमानच. लष्करी राजवटीतून बाहेर पडण्यासाठी पाकिस्तानात १९७०च्या डिसेंबरात निवडणूक झाली. अवामी लीगने पूर्वेतल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. बंगाल्यांच्या हातात सत्ता कशी द्यायची, असे म्हणून लष्कराने निकाल मानला नाही आणि मार्च १९७१ मध्ये कत्तल सुरू झाली. उरलेल्या पाकिस्तानात लोकनियुक्त संसद आली. तिने सप्टेंबर १९७४ मध्ये अहमदियांना मुसलमान न मानण्याची घटनादुरुस्ती केली. अकिद्याची चर्चा उलेमांनी करावी, त्याला जागा आहे. पण नागरिकाचे स्थान काय, हे हात वर करून ठरवण्याची सवय संसदेला लागली. त्या सरकारला वाटले, एवढे दिले की कट्टरवादी शांत होतील. तीन वर्षांत जनरल झिया आले आणि पंतप्रधान भुट्टोंना फासावर चढवले गेले. तिथेही ‘यांचे जाऊ दे, आपले वाचवू’ या हिशेबाने कोणाचेच वाचले नाही.

रोहिंग्यांसाठी दुआ मागताना आपला आवाज भरून येतो. बांगलादेशातल्या हिंदूंवर, पाकिस्तानातल्या अहमदी आणि ख्रिस्ती वस्त्यांवर हल्ले होतात तेव्हाही तो भरून आला, तरच त्या दुआला वजन आहे.

नागपूरचा मार्च

हे सगळे दूरचे वाटत असेल तर गेल्याच रमजानकडे पाहू. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीवरून आंदोलन झाले, पवित्र आयती लिहिलेली चादर जाळल्याची अफवा पसरली आणि संध्याकाळी महालात दगड आले. पोलिस जखमी झाले, गाड्या जळाल्या, एका माणसाचा जीव गेला. संचारबंदी लागलेल्या पोलिस ठाण्यांच्या यादीत आपले सक्करदराही होते. हे तेच सक्करदरा, जिथे राजे रघुजीराव भोसल्यांनी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेल्या बाबा ताजुद्दीन नावाच्या फकिराला १९०८ मध्ये सोडवून आपल्या वाड्यात मानाने आणले. छोटा ताजबाग आजही त्याची साक्ष आहे.

दगड मारणाऱ्यावर खटला चालावा, शिक्षा व्हावी. पण आठवड्याभरात आरोपींच्या घरांवर महापालिकेची यंत्रे गेली. २४ मार्च रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कारवाई थांबवली. तोवर एक घर पडले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये घालून दिलेली पद्धत पाळली का, हा न्यायालयाचा प्रश्न होता. मेइक्तिला किंवा मौंगडोच्या माणसाला असे न्यायालय नव्हते. आपल्याकडे ते आहे, ही लहान गोष्ट नाही. मात्र ते आपोआप टिकत नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना संवैधानिक नीती ही मुद्दाम रुजवावी लागते, असे सांगितले होते आणि अल्पसंख्याकांशी भेदभाव न करणे हे बहुसंख्याकांचे कर्तव्य म्हटले होते. म्यानमारकडे पाहिले की त्या भाषणातला व्यवहार कळतो. ती बहुसंख्याकांच्याही जिवाची गोष्ट होती.

इस्लामच्या इतिहासात पहिले निर्वासित मुसलमानच होते. मक्केतल्या छळाला कंटाळून काही माणसे हबशाला, आजच्या इथिओपियाच्या बाजूला गेली. कुरैशांचे दूत नजराणे घेऊन पाठोपाठ आले आणि यांना आमच्या ताब्यात द्या म्हणाले. तिथला ख्रिस्ती राजा नजाशी याने आधी पळून आलेल्यांचे म्हणणे ऐकून घेतले, मग नजराणे परत केले. पुढे मदिनेत पैगंबर साहेबांनी जो करार केला त्यात यहुदी कबिल्यांना त्यांच्या धर्मासह एकाच नागरी समाजात जागा होती. ‘तुमचे नंतर बघू’ असे कोणाला म्हटले गेले नाही.

बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या छावण्यांत आज दहा लाखांहून अधिक रोहिंग्या आहेत. गेल्या रमजानमध्ये, १४ मार्चला, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांनी तिथे निर्वासितांबरोबर इफ्तार केला. माणशी महिन्याला साडेबारा डॉलरचे रेशन सहा डॉलरवर आणण्याची वेळ तेव्हा आली होती. ऐनवेळी ते बारावर थांबले. परतायचे तर नागरिकत्व हवे, आणि १९८२चा कायदा जागच्या जागी आहे. हेगचा दावाही अजून निकाली निघालेला नाही.

या महिन्यात आपण फितरा काढतो. त्याचा नियम घरातल्या लहान मुलालाही माहीत असतो. तो ईदच्या नमाजाआधी द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्याच सकाळी ईद होईल. नमाजानंतर दिला तर देणे चुकत नाही, पण त्याची वेळ गेलेली असते. शेजाऱ्याच्या हक्काचेही तसेच आहे. तो आपल्या विजयाआधी द्यायचा असतो.